मामाजींची उसण

माझा जन्म पायांकडून झाला, म्हणजे मी पायाळू. उसण भरलेल्या पाठीला पायाळू माणसाची लाथ लागली की माणूस उठून उभा राहतो, असं आमच्याकडे सगळेच मानत. सालेकशाच्या जंगलाकडची माझी सोयरीक जुळली ती त्यावरच. सासऱ्याला उसणीची जुनी खोड, आणि सून आयतीच पायाळू. माझं रंगरूप कोणी विचारलंच नाही, पायच पाहिले.

सासऱ्यासमोर पदर ढळू द्यायचा नाही, तोंडातून शब्द काढायचा नाही, आणि लाथ मात्र मारायची! मारत होते बापडी, पदर सावरून.

गंमत अशी, की मामाजी धानाची पोती उचलत, दिवसभर बांधीतल्या चिखलात वाकून रोवणी करत, तेव्हा त्यांना काही होत नसे. माझा भाऊ न्यायला आला, की त्याच्या रेंगीच्या, म्हणजे छोट्या गाडीच्या, बैलांचे घुंगरू ऐकूनच ते आडवे. आखाडीला तसंच झालं, पोळ्यालाही तसंच. आता सासरा विव्हळत पडलेला असताना पायाळू सून माहेरी जाते कशी? भाऊ जेवून रिकामी रेंगी परत न्यायचा. लग्नाला वर्ष होत आलं, आईचं तोंड दिसलं नव्हतं. मी चुलीपुढे रडायचे आणि म्हातारा सोंगाडा आहे म्हणून त्याच्या नावानं बोटं मोडायचे.

दिवाळीनंतर माहेरच्या मंडईसाठी, गावच्या जत्रेसाठी, भाऊ पुन्हा आला. मामाजी पुन्हा ओसरीवर पालथे. या वेळी सोंग उघडं पाडायचंच म्हणून मी पाठीवर पाय दाबून ठेवला. पाठ लाकडाच्या फळीसारखी ताठ होती. सोंगानं अशी पाठ होत नाही.

सासूबाई बाजूलाच तांदूळ पाखडत होत्या. मान वर न करता त्यांनी सांगितलं, की लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याही अशाच मंडईला म्हणून माहेरी गेल्या होत्या, आणि रुसून चांगली दोन वर्षं आल्याच नाहीत. तेव्हापासून दारात कोणाच्या माहेरची रेंगी दिसली की या माणसाची पाठ धरते.

मला हसू आलं आणि म्हाताऱ्याची कीवही आली. पाय तसाच ठेवून मी पहिल्यांदा सासऱ्याशी बोलले.

"मामाजी, मी पुनवेले वापस येतो. खरंच येतो."

तळपायाखाली पाठ हळूहळू सैल पडली. लाथ मारायची राहूनच गेली. मामाजी उठले, आणि माझं गाठोडं त्यांनीच रेंगीत नेऊन ठेवलं, वर तांदळाची चुंगडीही.

पुनवेला दिवस कलताना मी परत आले. मामाजी गावाबाहेर बांधावर बसलेले दिसले. रेंगीमागून तेही घरी आले, पण पाय घराकडे आणि तोंड अजून रस्त्याकडेच. मान काही केल्या वळेना.

सासूबाईंनी मला पाणी दिलं.

"सकाळपासून तिकडंच पाहून राहिला होता बुढा," त्या म्हणाल्या. "आता मानेले लाथ कशी मारतेस, ते तूच ठरव."