माझ्या टाचा

माझ्या टाचा जमिनीला टेकत नाहीत. उकिडवं बसले की त्या वर उचलल्या जातात, आणि जोर करून टेकवायला गेले तर मी मागे कोलमडते. शहापूरच्या आमच्या घरात याचं कुणाला काही वाटलं नाही. कसाऱ्याला रेल्वेत असताना वडिलांचा गुडघा जायबंदी झाला होता. त्यामुळे घरात कमोड होता, जेवायला टेबल होतं, आणि माझ्या इंग्रजी शाळेत बाकं होतीच. प्रश्न यायचा तो मुरबाडकडे, मामाच्या गावी, भाताच्या लावणीत.

रोपं उपटायला बायका चिखलात उकिडव्या बसतात आणि तशाच पुढे सरकत जातात. मी नववीत असताना मामीने मलाही त्या ओळीत बसवलं. थोड्या वेळाने हातातली रोपं खाली ठेवून तिने माझ्या परकराची कड दोन बोटांनी वर उचलली.

"बघा गो, अनवाणी हाय तरी टाच उंचच. सँडल घालून जन्माला आली आमची भाची."

"खुर्चीचा संडास बांधलाय ना घरात, त्याचं काम ते," पलीकडची म्हणाली.

"मग सासरी चुलीपुढं पण खुर्ची मांडायची काय गो?"

सगळ्या हसल्या. हसताना एकीचाही हात थांबला नाही. मी टाचा उचलूनच पुढची रोपं उपटली.

कॉलेजात असताना कल्याणला योगाचा वर्ग लावला, तो खरं तर टाचांसाठीच. शीर्षासन आलं, मयूरासनही आलं. टाचा मात्र जिथल्या तिथे राहिल्या. उकिडवं बसायच्या आसनात तिथले सर घडी घातलेली सतरंजी टाचांखाली सरकवायचे आणि म्हणायचे, "झालं मालासन. पुढे चला." त्यांच्याच ओळखीने मला पोर्तुगालमधल्या एका योगकेंद्रात जायला मिळालं. प्रशिक्षण आणि राहणं फुकट, त्याबदल्यात स्वयंपाकघर आणि साफसफाई. शेवटी सगळ्यांसमोर एक वर्ग घ्यायचा. तो पसंत पडला तर तिथेच शिक्षिकेची नोकरी. तोवर मामीने मुरबाडजवळचं एक स्थळ आणून ठेवलं होतं. वडिलांनी सांगितलं, "तिकडे नोकरी लागली तर आम्ही लग्नाचं नाव काढणार नाही. नाही लागली तर मामी म्हणेल तसं."

केंद्र डोंगरावर होतं. दगडी घर, गार फरशी, भिंतीला लावलेल्या पादत्राणांची रांग. चालवणाऱ्या बाई डच होत्या. त्यांना सगळ्यांनी माताजी म्हणायचं असा नियम होता. मालासनाच्या पहिल्या दिवशी सगळ्यांनी टाचांखाली ब्लँकेटच्या घड्या घेतल्या. मीही एक उचलली. माताजींनी ती हसत माझ्या हातातून काढून घेतली.

"हे यांच्यासाठी, डिअर. तू तर अशी बसतच मोठी झालीस." मग इतरांकडे वळून म्हणाल्या, "हिच्याकडे बायका शेतात तासन्‌तास अशा बसतात. हिच्या आईची कंबर किती मोकळी असेल, विचार करा."

माझी आई तहसील कचेरीत टायपिस्ट होती. टाच अर्धवट उचलून, मांडीला कळा लागेपर्यंत मागच्या रांगेत बसले. त्यानंतर मालासन आलं की चहाचं आधण ठेवायला उठून जायचे. नम्र मुलगी म्हणून माझं कौतुक झालं.

शेवटच्या वर्गाला साडी नेस, असं माताजींनी सांगितलं, आणि मला सुटका दिसली. स्वयंपाकघरातल्या निळ्या चौकटीच्या फडक्यांचे दोन घट्ट बोळे केले आणि बसताना निऱ्यांच्या आडून टाचांखाली सरकवले. वर्ग चांगला चालला होता. मालासनात सगळे स्थिर झाले तेव्हा माताजी उठून माझ्यापाशी आल्या. फडक्याचं टोक बाहेर आलं असावं. त्यांनी वाकून माझ्या निऱ्या दोन बोटांनी वर उचलल्या.

"अरेरे," त्या अगदी हळू म्हणाल्या. "तुमचं होतं ते तुम्ही घालवलंत, आणि जपायचं आम्ही."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळ्यांनी हात छातीशी जोडले, एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. मग माताजींनी एका स्वीडिश मुलीला पुढे बोलावलं आणि मला तिच्याकडे बघून बसायला सांगितलं. एव्हाना तिला ब्लँकेट लागत नव्हतं. संध्याकाळी मला मिठी मारून त्या म्हणाल्या, "शिकवणं तुझ्यासाठी नाही. पण स्वयंपाकघरात हवी तितकी राहा. तुझी खिचडी सगळ्यांना आवडते."

मी परत आले.

महिन्याभरात मामीने आणलेल्या त्या स्थळाचा बघायचा कार्यक्रम झाला. मामी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मुलगा आसनगावला कारखान्यात, घरची भातशेती. मुलाच्या आईने पोह्यांची बशी बाजूला ठेवली.

"योगा शिकून आलीस ना गो फॉरेनला? बसून दाखव बघू."

मामी नुसती बघत होती. वाट बघत होती म्हणा. मी खुर्चीवरून उठले, सगळ्यांसमोर उकिडवी बसले, आणि कुणी वाकायच्या आत निऱ्या स्वतःच दोन बोटांनी वर धरल्या.

"माझ्या टाचा टेकत नाहीत," मी म्हणाले. "शेतात मला बसता येणार नाही. घरात कमोड लागेल."

वडिलांनी मान खाली घातली. वाटलं, सुटले.

मुलाच्या आईने माझ्या टाचा नीट न्याहाळल्या. बाजारात बैलाचे खूर बघावेत तशा.

"त्यात काय," ती म्हणाली. "थोरल्या सुनेच्या पण टेकत नव्हत्या. आमच्याकडं दोन लावण्या काढल्या का सगळ्यांच्या टेकतात. पोरगी खोटं बोलत नाय, ते बरं. आमाला पसंत हाय."

मामी साखर आणायला आत गेली.