गाडी मागे कोणी घ्यायची

टोर्लाइव्ह सिग्मुंडवर पहिल्यांदा जळला तो धिरड्यावरून. फेरीबोटीवरच्या टपरीत त्याची बायको बोरघिल्ड जाड, गोड धिरडी भाजायची आणि डोंगरापलीकडून बस घेऊन येणाऱ्या सिग्मुंडच्या धिरड्यात तपकिरी चीजचे दोन काप घालायची. बाकीच्यांना एकच. ‘सकाळपासून उपाशी असतो बिचारा,’ ती म्हणाली. त्यातला तो ‘बिचारा’ टोर्लाइव्हच्या घशात जो अडकला, तो चाळीस वर्षं निघाला नाही.

डेकवर गाड्या लावून घेण्याचं काम टोर्लाइव्हचं. मग काय! वाऱ्याच्या दिवशी सिग्मुंडची बस तो नेमकी पुढच्या टोकाला उभी करायचा, जिथे फ्योर्डचं, डोंगरांत घुसलेल्या त्या खाडीचं, खारं पाणी काचेवर फटाफट बसतं. सिग्मुंड पलीकडच्या धक्क्यावर मुकाट्याने काच पुसायचा आणि त्या दिवशी आमच्या टोर्लाइव्हला जेवण गोड लागायचं. माणूस वाईट नव्हता हो. म्हाताऱ्या शेजारणीची लाकडं न सांगता फोडून द्यायचा. पण सिग्मुंडचं नाव निघालं की तोंड वाकडं.

बोरघिल्डचं माहेर डोंगरापलीकडे, सिग्मुंडच्याच गावात. लग्नानंतर टोर्लाइव्ह तिकडे एकदाही फिरकला नाही. कधी ड्युटी, कधी कंबर, कधी घाटात बर्फ. त्याच्या सांगण्यात बर्फ जुलैतही असायचा.

तो निवृत्त झाला आणि बोरघिल्डने सबबींचं दुकान बंद केलं. ‘कॅम्परव्हॅन भाड्याने घेतलीय, तीन दिवस. येतोस की मी एकटी जाऊ?’

एकटी? आणि पलीकडे तो बसलेला! टोर्लाइव्हने निमूट चाक धरलं.

फेरीतून उतरून ते घाट चढायला लागले तशी ती बोलायला लागली. ‘आता डावीकडे धबधबा येईल बघ. इथे जपून, शेळ्या आडव्या येतात.’ एकूण एक वळण हिला पाठ! कुणाच्या संगतीत पाठ झालं हे? त्याचं डोकं तापत चाललं.

सातव्या वळणावर वरून बस आली. चाकावर सिग्मुंड. रस्ता एकाच गाडीपुरता. आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे की बाजूला थांबायची जागा ज्याच्या जवळ, त्याने मागे घ्यायचं. ती जागा टोर्लाइव्हच्या मागे वीस पावलांवर होती. आरशात तिची पाटीसुद्धा दिसत होती.

‘घे मागे,’ बोरघिल्ड म्हणाली.

‘त्याला घेऊ दे.’

‘अरे, बस माणसांनी भरलीय!’

‘मग? मला काय त्याचं?’

‘खरं सांग, तुला मागे घेता येत नाहीये ना?’

येत नव्हतं. जन्मभर दुसऱ्यांना ‘या, या, जरा मागे, बस’ करणाऱ्याला स्वतःला ते धूड हलवता येत नव्हतं, सिग्मुंडच्या डोळ्यांदेखत तर मुळीच नाही. खाली तीन गाड्या येऊन थांबल्या. एकाने हॉर्न दिला.

‘सरक तिकडे,’ बोरघिल्ड म्हणाली. तिने चाक घेतलं, दोन्ही आरशांत पाहिलं, हातानेच खालच्या गाड्यांना मागच्या रुंद वळणापर्यंत सारलं आणि एका दमात व्हॅन त्या जागेत नेऊन बसवली.

‘कुठे शिकलीस हे?’

‘बसमध्ये. त्याच्या मागच्या सीटवर बसून, बघून बघून.’

‘म्हणजे खरंच तुमचं...’

‘काय आमचं? तू मला आईकडे एकदा तरी नेलंस का? मग मी जाणार कशाने? एकच बस आहे या डोंगरावर! तुझ्यामुळे, टोर्लाइव्ह, तुझ्यामुळे मी चाळीस वर्षं त्या माणसाच्या मागे बसले.’

ती थांबली नाही.

‘आई गेली तेव्हाही तू ड्युटी बदलून घेतली नाहीस. शवपेटी उचलायला सहा जण लागतात. पाचच होते. सगळं चर्च माझ्याकडे बघत होतं. मग सिग्मुंड उठला, बसच्या गणवेशातच. तुला सांगितलं नाही, कारण तू त्यावरही जळला असतास.’

जळलाच असता. आत्ताही जळत होता. पण सोबत लाजेने कानही तापले होते, आणि हे त्याला नवीन होतं.

बस हळूहळू शेजारी आली. सिग्मुंडने नेहमीसारखी सलामीला दोन बोटं उचलली. टोर्लाइव्हचा हात वर गेला, सवयीने सरळ, पंजा समोर, डेकवर गाडी थांबवायचा तसा. बस थांबली. काच खाली आली.

आभार मानायचे होते. शब्द जिभेवर आले होते. पण जीभ टोर्लाइव्हची! बायकोवरून वाकून त्याने विचारलं, ‘सासूबाईंच्या पेटीला तू कुठल्या बाजूला होतास?’

बोरघिल्डने कपाळाला हात लावला.

सिग्मुंडने त्याच्याकडे नीट पाहिलं. ‘डावीकडे, पुढे. जावयाची जागा होती ती. घंटा वाजेपर्यंत वाट पाहिली आम्ही तुझी.’

बस खाली निघून गेली. खालच्या गाड्याही एकेक करून वर सरकल्या. बोरघिल्ड चाकावरून उठायला लागली, तर त्याने तिचा हात धरला.

‘तूच चालव,’ टोर्लाइव्ह म्हणाला. ‘आधी आईच्या थडग्याकडे घे. मला रस्ता माहीत नाही.’