सावकाश दळून मिळेल

गिऱ्हाइकाला लवकर मोकळं करणं हा त्याचा अपमान आहे, असं मानणारा दुकानदार अख्ख्या मुंबईत एकच होऊन गेला, आणि तो माझ्या मावशीचा नवरा होता. लालबागच्या एका चाळीखाली काकांची पिठाची गिरणी होती. दारात एक लांब बाकडं, आत काका. भुवयांवर, कानांवर आणि बहुधा विचारांवरही पीठ बसलेलं. बाई डबा घेऊन आली की ते आधी तिचा चेहरा बघत, मग धान्य. घरी तान्हं मूल असेल तिचं दळण लगेच. सासूशी भांडून आलेलीला मात्र अर्धा तास बसवायचेच. "आत्ता सोडली तर पुन्हा पेटेल," ते मला हळूच सांगत. दोन शेजारणींनी अबोला धरला, तर त्यांचे डबे लागोपाठ मांडायचे आणि पट्टा घसरल्याची बतावणी करायची. तासाभराने त्या दोघी मिळून काकांना नावं ठेवू लागल्या की पट्टा आपोआप जागेवर बसे.

मी तेव्हा मावशीकडे राहून दादरच्या कॉलेजात कॉमर्स शिकत होते. पुस्तकातली अक्कल ताजी होती. "काका, नंबरचे बिल्ले द्या. पहिला येईल त्याला पहिलं," मी म्हटलं. त्यांनी हौसेने पत्र्याचे बिल्ले करून आणले. पहिल्याच दुपारी सातवा नंबर सगळ्यांत आधी गेला आणि पहिला सगळ्यांत शेवटी. बायकांनी आपसांत बदलून टाकले होते. एकीचं पाणी जायची वेळ झाली होती, एकीला आठवा महिना होता. मी वैतागले. काका मात्र खूश. "बघ, रांग त्यांची त्यांना लावता येते. आपण फक्त दळायचं."

मग कापड गिरण्यांचा संप झाला. तो लांबत गेला, तसे दुपारी बायकांऐवजी पुरुष डबे घेऊन येऊ लागले. डबा हातात असला की माणूस रिकामा दिसत नाही, हे काकांना पहिल्याच आठवड्यात कळलं. त्यांतला एक परब नावाचा विणकर, जन्मभर मागांच्या खडखडाटात राबलेला. दोन किलो गहू तो चार खेपांत आणायचा, "घाई नाय हां, भाऊ" म्हणायचा आणि भिंतीला डोकं टेकून डोळे मिटायचा. एकदा काकांनी विचारलं, तेव्हा लाजत म्हणाला, "घरात लय शांत वाटता, भाऊ. झोपच येणा नाय."

त्या दिवसापासून परबाचं दळण संपलं तरी चक्की थांबत नसे. रिकामी चालवली तर दगडाला दगड घासतो, म्हणून काका घरची ज्वारी मूठमूठ टाकत राहत. तिरप्या उन्हात पीठ तरंगायचं, पट्टा झोके घ्यायचा आणि बाकड्यावर चार-पाच मोठे बाप्ये ओळीने पेंगत असायचे. हिशेबशास्त्राचं पुस्तक मांडीवर ठेवून मीही कुठल्या कुठे पोचायचे.

समोर नवी गिरणी निघाली. दहा मिनिटांत दळण! आमची निम्मी गिऱ्हाइकं तिकडे वळली. मावशी कडाडली, "गिरणी चालवताय की धर्मशाळा?"

"ते नक्की कळत नाही गं," काका म्हणाले. "पण चालू आहे खरी."

"काका, काहीतरी करायला हवं," मी म्हटलं.

"घाई आहे ते जाणारच. ज्यांना कुठे जायचंच नाही, त्यांचं काय करू?"

समोरची गिरणी वाढली. आमची उरलेल्या गिऱ्हाइकांवर तगून राहिली. संप संपल्याचं कुणी सांगितलं नाही. बाकड्यावरचा एकेक माणूस कमी होत गेला. परब एका दुपारी डब्याशिवाय आला. रे रोडला लाकडाच्या वखारीत राखणीचं काम मिळालं होतं.

"थंय दिवसभर करवत चालता, भाऊ," तो आनंदाने म्हणाला.

"अरे, मग झोपू नकोस बाबा. राखण करायचीय!"

दोघं खूप हसले. परब गेल्यावर काकांनी बटण बंद केलं आणि बाहेर येऊन बाकड्यावर बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना तिथे बसलेलं पाहिलं नव्हतं. थोड्या वेळाने एक बाई डबा घेऊन आली. तिने थांबलेली चक्की पाहिली, काकांकडे पाहिलं आणि काही न विचारता डबा पायाशी ठेवून बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसली.