कुरखेड्याकडचा दुर्बिणीचा कॅम्प

भद्रावतीच्या स्टँडवर कंडक्टरनं माझ्या काखेतल्या लांबलचक नळीकडे पाहिलं आणि विचारलं, "हे तोफ कुठी लावता, भाऊ?"

तोफ नव्हती, दुर्बीण होती. पुठ्ठ्याची नळी, चष्म्याच्या दुकानातली भिंगं आणि माझा अफाट आत्मविश्वास, एवढ्यावर ती उभी होती. मागच्या खेपेला सासुरवाडीत जेवता जेवता मी मेव्हण्याच्या मुलीला, चौथीतल्या मीनाला सांगून बसलो की गुरू ग्रहाला चार चंद्र दिसतात, पुढच्या वेळी दाखवतो. पोरीनं ते वर्गात सांगितलं. तेव्हापासून वर्ग तिला 'चार चांदवाली' म्हणून चिडवत होता. जावयाची थाप मुलीच्या अंगावर आली होती, म्हणून ही स्वारी.

गडचिरोलीला मी आणि बायकोनं गाडी बदलली. पुढे सगळा रस्ता मोहाच्या वासानं भरलेला. शेजारी एक बाई सुनेला घेऊन बसल्या होत्या. "नळीत काय होय, भाऊ?"

"दुर्बीण," मी ऐटीत म्हणालो. "उद्या कॅम्प आहे आपला."

बाईंनी सुनेचा दंड धरला आणि दोघी थेट मागच्या सीटवर गेल्या. विज्ञानाचा काय हा दरारा, असं मी बायकोला म्हणालो. ती म्हणाली, "विज्ञान नाई, तुमच्या बिडीचा वास."

कुरखेड्याच्या पुढे सासुरवाडी. दामोदर, माझा मेव्हणा, तिथल्याच शाळेत मास्तर. लाखोरीचे वडे (लाखेच्या डाळीचे) पोटभर खाऊन मी त्याला दवंडीचा मजकूर सांगितला. तो नुसतं 'मुलांना तारे दाखवणार' म्हणत होता. मला ते फारच मिळमिळीत वाटलं. शेवटी कोतवाल गावभर ओरडला तो माझाच मजकूर: उद्या सांजेले शारेत (शाळेत) दुर्बिनीचा कॅम्प, भद्रावतीचे साहेब आले, समद्यांनी यावं.

दुसऱ्या दिवशी सांजेला मी, दामोदर, मीना आणि दुर्बीण. बाकी पटांगण मोकळं. वर अर्धा चंद्र, शेजारी गुरू, आणि सकाळी आमची परतीची गाडी. मीना पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली.

तेवढ्यात काठी टेकत सकूबाई आल्या, गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या. "बाया लेकरं घेऊन वावरात पळाल्या ना, जवाईबापू. मले काय भेव? माह्यावाल्या वयात कोन दुर्बीन करते?"

दामोदरनं कपाळाला हात लावला. गेल्या साली याच शाळेत कुटुंबनियोजनाचा कॅम्प झाला होता. पोटाला बारीक भोक पाडून नळी घालतात, ती दुर्बीण. गावाला दुसरी दुर्बीण ठाऊकच नव्हती, आणि साहेबांनी वर 'कॅम्प' जोडला होता.

मी सकूबाईंना चंद्र दाखवला. त्या बराच वेळ वाकून राहिल्या. "धानाच्या रोवन्याच्या बांधीवानी चिखल झाला हो याचा," म्हणाल्या, आणि पटांगणाच्या कडेला जाऊन वावराच्या दिशेनं हाक मारली, "या गा बायांनो. पोटाची नाई, चांदाची होय."

आधी पोरं आली, मग त्यांच्या आया, पदर पोटाशी घट्ट धरून. मी नळी गुरूकडे वळवली. वर्गातला चिडवणाऱ्यांचा म्होरक्या पहिला वाकला आणि मोजू लागला. "एक, दोन, तीन... चारच हायेत बे." मीनानं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सगळा कार्यक्रम स्वतःच्या मालकीचा असल्यासारखी ती रांग लावायला गेली.

"त्याले चार लेकरं हायेत म्हने," एक बाई म्हणाल्या.

मागून दुसऱ्या बाई शांतपणे म्हणाल्या, "त्याच्यावालीनं दुर्बीन नाई केली वाट्टे."

पटांगण हसलं. पदर सैल झाले. दामोदरनं वर्षभर फळ्यावर शिकवलेली ग्रहमाला त्या सांजेला गावाच्या तोंडी बसली. वेगळ्या कारणानं बसली, पण बसली.

परतीच्या गाडीत शेजारच्या बाईंनी विचारलं, "त्या नळीत काय होय?" मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "पाइप होय, बाई. मोरीचा." बाई निवांत टेकून बसल्या. आकाश जवळ आणायला निघालेला माणूस मी. पण माझ्या शेजारी कोणी बसावं, म्हणून मोरीच्या पाइपापर्यंत खाली यावं लागलं.