तात्यांचा रेडिएटर आणि शेलारबाईंचं हसू

एका जीपमधून तीन मास्तरणी रोज जायला-यायला लागल्या की किस्से जमवावे लागत नाहीत, आपोआप साचतात! आमचे तर इतके साचलेत की परवा एका लग्नात तिघी भेटलो आणि पंगत उठून गेली तरी आमचं संपेना. शेजारच्या बायका विचारत होत्या, "एवढं काय हसताय गं?" तिथं सांगणं शक्य नव्हतं. इथं सांगते!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. भिगवणच्या अलीकडं एका गावात आमची झेडपीची शाळा, आणि आम्ही राहायला बारामतीत. एसटीचा भरवसा नाही, म्हणून पोपटतात्यांची वडापची, म्हणजे सीटवर माणसं भरून नेणारी, जीप. शेलारबाई आमच्यात थोरल्या, पन्नाशी ओलांडलेल्या, मूळच्या लोणी भापकरच्या. त्यांचं हसणं म्हणजे विचारू नका! त्या तिसरीच्या वर्गात हसल्या की सातवीची पोरं दाराशी येऊन बघायची. दुसऱ्या जगतापबाई. घरी भाजीचा मळा, आणि तोंडाला ब्रेक नाही. तिसरी मी, वयानं सगळ्यात लहान.

तर एका जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि शेलारबाईंचं हसणं एकदम बंद! जीपमध्ये मागच्या दाराशी बसायच्या, गडद फुलाफुलांच्या साड्या नेसायच्या, कुणी विनोद केला की ओठ मिटून बाहेर बघायच्या. घरी काहीतरी बिनसलंय, असं आम्ही धरून चाललो. मला तर त्या हसण्याशिवाय जीपमध्ये करमेनाच.

* * *

एके सकाळी भर रस्त्यात शेलारबाई ओरडल्या, "तात्या, थांबवा! माझी पिशवी पडली!"

करकचून ब्रेक! जीपमधले बाप्ये भले. पटापट उतरले आणि पिशवी शोधायला मागं धावले. बाई उतरून दुसऱ्या बाजूच्या उसात गेल्या.

त्या परत आल्या तेव्हा एक आजोबा घामाघूम होऊन उभे. "बाई, पार वढ्यापत्तुर बघून आलो. पिशवी काय घावली न्हाय."

पिशवी बाईंच्या खांद्यालाच लटकत होती! आजोबांनी पिशवीकडं पाहिलं, बाईंकडं पाहिलं आणि शांतपणे जीपमध्ये चढत म्हणाले, "घावली म्हनायची!"

* * *

दुसऱ्या दिवशी त्याच उसाजवळ तात्यांनी आपणहून गाडी थांबवली. बॉनेट उघडलं. "रेडिएटर तापलाय. पाय मोकळं करून घ्या. बाया उसाकडं, बाप्ये माझ्याकडं."

तिसऱ्या दिवशीही तापला. चौथ्या दिवशीही. पुढं रोजच! बाई निमूट उतरायच्या, जाऊन यायच्या. तात्या कॅनमधलं पाणी हळूहळू ओतत बसायचे आणि बाई दिसल्या की बॉनेट धाडकन बंद.

* * *

त्याच सुमारास विस्तार अधिकारी तपासणीला आले. शेलारबाईंच्या तिसरीत बसले होते. खडूची भुकटी उडाली, एका मुलीला शिंक आली, आणि शिंकायच्या आधी तिनं काय केलं? पटकन उभी राहिली, पायांची कैची घातली, मग शिंकली! तिच्यामागून एक पोरगा. तोही उभा राहून, पाय जुळवून!

साहेब चकित. "ही कुठली पद्धत?"

मुलगी म्हणाली, "सर, शिंकताना पाय जुळवायचे असतात. आमच्या बाई रोज करत्यात."

बाईंचा चेहरा पांढराफटक. साहेब मात्र खूश! "वा! शिंकण्यालासुद्धा शिस्त! बाई, असं पाहिजे!"

खरी मजा पुढं. साहेब निघाले, व्हरांड्यात त्यांना स्वतःलाच शिंक आली. क्षणभर थांबले, इकडं तिकडं पाहिलं, आणि पाय जुळवून शिंकले!

* * *

जगतापबाईंनी निदान केलं. "सारखं उसात जावं लागतंय ना? उष्णता आहे ही!" आमच्याकडं न समजलेल्या प्रत्येक दुखण्याला उष्णताच म्हणतात. दुसऱ्या दिवसापासून जगतापबाई किटली भरून धण्याचं पाणी आणायला लागल्या. वर सब्जा. वर मळ्यातल्या काकड्या. शेलारबाई भिडेखातर सगळं पोटात घालायच्या.

त्या आठवड्यात तात्यांचा रेडिएटर जाताना तापला, येताना तापला, निघाल्या निघाल्या तापला! शनिवारी तात्यांचा धीर सुटला. किटलीकडं बोट दाखवून म्हणाले, "जगतापबाई, त्ये धन्याचं पानी माझ्या गाडीला द्या. बाईस्नी नगा देऊ!"

* * *

मग बाईंनी उलटं टोक गाठलं. पाणीच बंद! सकाळचा चहा नाही, दिवसभर घोट नाही. एका सकाळी प्रार्थनेला उभ्या असताना चक्कर येऊन बसल्या. हेडमास्तर घाबरले. बाई म्हणाल्या, "गुडघे साथ देत नाहीत सर. मुदतीआधीच रिटायर व्हावं म्हणते. दिवाळीनंतर पक्कं सांगते."

मला धक्काच बसला. शेलारबाईंशिवाय शाळा? संध्याकाळी रेडिएटर तापल्यावर मी त्यांच्या मागोमाग उसाच्या बांधावर गेले. म्हटलं, "बाई, गुडघे चांगले आहेत तुमचे. खरं काय ते सांगा."

त्या रडायलाच लागल्या. "अगं, पाळी जायला लागल्यापासून धरवत नाही. शिंकले की होतं, पोराला उचललं की होतं. आणि हसले की तर विचारूच नकोस. जुन्या साडीच्या फडक्याची घडी आत घालून ठेवते, ती पण पुरत नाही. भर वर्गात पोरांना वास आला तर? त्यापेक्षा घरी बसलेलं बरं."

म्हणजे बाईंचं हसणं कुणी हिरावलं नव्हतं. त्यांनी ते धरून ठेवलं होतं! मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू!

* * *

मी त्यांना बारामतीतल्या लेडी डॉक्टरकडं घेऊन गेले. जगतापबाई "सोबत" म्हणून आल्याच. डॉक्टरांनी तपासलं, लघवी तपासायला पाठवली, आणि मग आधी रागावल्या. "पाणी बंद कुणी सांगितलं? त्यानं जळजळ वाढते. पाणी प्यायचं, चहा कमी करायचा. सध्या मेडिकलमधली पॅड वापरा, दुकानदार कागदात गुंडाळून देतो, लाजू नका. आणि खरा उपाय व्यायाम. लघवी अडवताना आवळतो तसं आवळायचं, धरायचं, सोडायचं. दिवसातून दोन-तीनदा, रोज. काही महिने लागतील, पण फरक पडतो."

शेलारबाई हळूच म्हणाल्या, "हे माझ्या एकटीलाच..."

"एकटीला?" डॉक्टर हसल्या. "बाहेर बाकावर बसलेल्या निम्म्या बायका त्यासाठीच आल्यात!"

तेवढ्यात आमच्या जगतापबाई, ज्यांना तपासायचंच नव्हतं, त्या म्हणाल्या, "अय्या, मला तर तिसऱ्या बाळंतपणापासून होतंय! मला वाटलं असंच असतं!"

* * *

झालं! दुसऱ्या दिवसापासून जीपमध्ये तिघींचा व्यायाम सुरू. माझी गरज नव्हती, पण जगतापबाई म्हणाल्या, "आत्तापासून कर, पुढं उपयोगी पडेल!" आवळा, धरा, सोडा. बसल्या जागी, कुणाला कळायचं कारण नाही.

फक्त एक झालं. बोलता बोलता धरता येईना, म्हणून आम्ही गप्प. आणि ज्या जीपमध्ये रोज बाजार भरायचा, तिथं तीन मास्तरणी समोर नजर लावून चिडीचूप! पिशवीवाले आजोबा बराच वेळ बघत होते. शेवटी त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि हळू आवाजात विचारलं, "कोन गेलं म्हनायचं?"

जगतापबाईंनी दात-ओठ खात हात वर केला. मग श्वास सोडून म्हणाल्या, "आजोबा, मधी बोलू नगा! सुटलं की हो माझं!"

* * *

जीपमध्ये एक साळुंखेकाका असायचे. वालचंदनगरच्या कारखान्यातून फिटर म्हणून रिटायर झालेले, मासळी आणायला भिगवणला जायचे. रोज तापणारा रेडिएटर त्यांना बघवेना. एके दिवशी पाने-पक्कड घेऊनच आले. तात्या नको नको म्हणत असताना बॉनेटमध्ये घुसले आणि विजयी मुद्रेनं बाहेर आले.

"तात्या, रेडिएटर ठणठणीत आहे! हात लावून बघ, गार आहे!"

सगळी जीप ऐकत होती. शेलारबाई उसाच्या कडेला थबकल्या. तात्यांनी शांतपणे फडक्याला हात पुसले.

"काका, माजी घरवाली हाय न्हवं, तिला बी हात लावला तर गारच लागती. पन ती म्हनती, माज्या अंगातून वाफा निघाल्यात. तवा मी वाद घालत न्हाय. तुमी बी घालू नगा."

काकांनी पक्कड पिशवीत टाकली. शेलारबाईंनी तोंडाला पदर लावला. आतून हसत होत्या की रडत होत्या, मला आजही सांगता येणार नाही.

* * *

आता शेवटचा. हा सांगायचाच होता!

दिवाळीची सुट्टी संपली. शाळेचा पहिला दिवस. हेडमास्तरांना आज पक्कं सांगायचं होतं. व्यायामानं बराच फरक पडला होता, पण बाईंचा धीर होत नव्हता. "आज ठीक आहे गं, उद्या वर्गात झालं तर?" एवढं म्हणून मागच्या दाराशी बसल्या. मी आणि जगतापबाई रडकुंडीला आलो होतो.

मदनवाडीच्या अलीकडं अचानक फुस्स! बॉनेटमधून वाफेचा लोट! तात्या उडी मारून ओरडले, "रेडिएटर तापला! रेडिएटर तापला!"

कुणी ढिम्म हललं नाही. म्हणजे हललं, पण रोजच्यासारखं. बाया सावकाश उसाकडं, बाप्ये सावकाश तात्यांकडं. आजोबांनी तंबाखू काढली.

"अरं, खरंच तापलाय! आईशप्पत! पानी आना कुनीतरी!"

आजोबा म्हणाले, "व्हय व्हय, तापू द्या. बाया येत्याल इतक्यात."

तात्या साळुंखेकाकांच्या हाताला धरून ओढायला लागले. "काका, तुमी तरी बघा! हात लावून बघा!"

काकांनी हात मागं घेतला. "तात्या, मी आता वाद घालत नाही!"

आणि मागून तो आवाज आला. शेलारबाई! दाराला धरून, वाकून वाकून, डोळ्यांतून पाणी काढत हसत होत्या. तेच जुनं, सातवीच्या वर्गापर्यंत जाणारं हसणं! उसातले बगळे उडाले. मला इतका आनंद झाला की मी टाळ्याच वाजवल्या!

जगतापबाई हसता हसता किंचाळल्या, "बाई, आवळा! आवळा!"

"माझं धरलंय गं!" शेलारबाई ओरडल्या. "तू तुझं बघ!"

जगतापबाईंनी खाली आपल्या अबोली साडीकडं पाहिलं आणि उसाकडं धूम ठोकली.

शाळेत तासभर उशिरा पोचलो. हेडमास्तर दारातच उभे. "शेलारबाई, आज सांगणार होतात. गुडघ्यांचं काय ठरलं मग?"

बाईंनी खडूचा डबा उचलला.

"कुठले गुडघे, सर?"