उकंडा सुकला

उमरखेडच्या बसस्टँडसमोर माझं शिलाईचं दुकान आहे. डेपोतल्या लोकांची खाकी माझ्याच हातून जाते, त्यामुळे कोणाच्या पोटाचं काय चाललंय ते त्याच्या घरच्यांआधी मला कळतं. उकंडा कंडक्टरच्या पँटीची कंबर मी इतक्यांदा सैल केली, की शेवटी वैतागून म्हटलं, "गड्या, अंदर दाबच नाई राह्यला आता. पुढच्या बारीले मंडपवाल्याकडं जाय." दाब म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. माणूस फुगला की तेच कामी येतं. उकंडा पोट हलवत हसला. टोमणा मनाला लावून घेणाऱ्यातला तो नव्हता.

त्याच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आईनं याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून उचललं आणि नाव उकंडा पाडलं. टाकून दिलेल्या पोरावर मरणाची नजर जात नाही म्हणे. पोर जगलं, पन्नाशी ओलांडली. बायको साधना मात्र तीन वर्षांपूर्वी गेली, आणि एकुलता राजदीप पुण्याला कंपनीत. मग उकंडा बाहेरच खायचा. फेरी संपली की आलूबोंडा, घरी जायचा कंटाळा आला की कचोरी, आणि घरी जाऊन तरी करायचं काय, म्हणून पुन्हा चहा. ते पोट भुकेनं वाढलेलं नव्हतं, एकटेपणानं वाढलेलं होतं.

डेपोच्या तपासणीत डॉक्टरांनी सांगितलं, लिव्हरवर चरबी चढली आहे, उतरवा. त्याच आठवड्यात गच्च भरलेल्या फुलसावंगीच्या गाडीत हा दोन सीटांच्या मधोमध अडकला. मागून एक म्हातारी ओरडली, "तू तठीच थांब बापू, पैसे आमीच पुढं पाठोतो." सगळी गाडी हसली. उकंडाही हसला. पण दुसऱ्या दिवशी पहाटे तो महागाव रोडनं चालताना दिसला.

आणि चालतच राहिला. सुरुवातीला वळणापर्यंत जाऊन धापा टाकत परतायचा, मग लांब लांब जायला लागला. सकाळी एक ज्वारीची भाकर, मुगाची उसळ, काकडी. संध्याकाळी पातळ वरण आणि मेथी, लवकर. तळलेलं बंद. घरात उठबशा काढायचा. "मोजायले कोनी नाई," तो सांगायचा, "म्हनून मीच मोजतो अन् मीच वा म्हनतो."

वर्षभरात तो कंबर आवळून घ्यायला येऊ लागला. मी जास्तीचं कापड कापलं नाही, आत दाबून ठेवलं. माणसाच्या पोटाचा काय भरवसा! त्याला हवं होतं ते फार थोडं होतं. कोणीतरी नुसतं म्हणावं, उकंडा, भारी दिसून राह्यला. मी म्हणायचो, पण शिंप्याचं म्हणणं धंद्यातलं. त्यानं राजदीपला फोटो पाठवला. राजदीपनं उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला.

बाकीच्यांनी तर उलटाच अर्थ काढला. आपल्याकडे पन्नाशीतला माणूस बारीक होत नाही, तो सुकतो. "काहून रे, सुकला?" हा प्रश्न त्याला गाडीत, डेपोत, पानठेल्यावर ऐकू यायचा. फुलसावंगीला नात्यातल्या लग्नात त्यानं ताटातली जिलबी परत केली, तेव्हा मावसबहीण तानाबाईनं हात धरून विचारलं. लाउडस्पीकर कानाशी कोकलत होता. हा ओरडून म्हणाला, "लिव्हरवर चरबी होती, आता उतरली!" तानाबाईला त्यातलं एकच ऐकू आलं, लिव्हर. आणि लिव्हर म्हटलं की आपल्या भागात पुढचं वाक्य कोणी ऐकत नाही, लोक मनातल्या मनात लाकडं रचायला लागतात.

माणूस आहे तोवर पाहून यावं, ही इथली रीत. आठवडाभर उकंडाच्या घरी माणसं येत राहिली. सफरचंदं आली, शहाळी आली, बिस्किटांचे पुडे आले. साधना गेल्यापासून ज्या ओसरीवर कोणी टेकलं नव्हतं, तिथं सतरंजी पुरेना. साधनाची बहीण संगीता तेव्हापासून फिरकली नव्हती, ती येऊन भाकरी थापून गेली. आणि राजदीप रजा टाकून पुण्याहून आला.

दुसऱ्या दिवशी उकंडा दुकानात आला तो चेहरा उजळून. मी तापलो. "अबे, धडधाकट मानूस तू! सांगून काहून नाई टाकत?"

"सांगतो न," तो म्हणाला. मग स्टुलावर बसला. "काल पोरगा माह्या बाजूले झोपला. झोपीत हात टाकला अंगावर. लहानपनी टाके तसाच. उद्या सांगतो."

त्याला सांगावंच लागलं नाही. राजदीपनं त्याला यवतमाळला एका डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले आणि म्हणाले, तुमच्या वडिलांचं लिव्हर तुमच्यापेक्षा चांगलं असेल. राजदीप डोळे पुसत हसला, बापाला कडकडून भेटला. पोरगा वाईट नाही. रजा अजून शिल्लक होती, पण "आता काही टेन्शन नाही, बाबा," म्हणून तो संध्याकाळच्या गाडीनं निघाला. बातमी फुटली तशी ओसरीही ओस पडली. तानाबाई तर फोनवर चिडली, उगाच जिवाला घोर लावला म्हणून. बिस्किटांचे पुडे उकंडानं डेपोत वाटून टाकले.

परवा तो पुन्हा आला. पहाटेचं चालणं चालूच आहे. मापात बसवून दिलेली खाकी त्यानं काउंटरवर ठेवली.

"आवळू अजून?" मी विचारलं.

"नाई. ढिली कर. दाब सोड सगळा."

"येडा झाला काय? पट्ट्यानं गोळा करून घालशील काय मंग?"

"राहू दे," तो पँटीकडे पाहत म्हणाला. "ढिली दिसली का लोकं पुसते. काहून रे, सुकला म्हनून."

मला त्याला चार शिव्या हासडायच्या होत्या. पण मी ब्लेड उचललं आणि शिवण उसवायला घेतली. तो स्टुलावर बसून राहिला. घरी जायची घाई त्याला नव्हतीच.