मी 'नाटक' लिहिलं नाही

नळासमोर तिघी उभ्या होत्या. मधली रिया, बाबांच्या मोठ्या साहेबांची मुलगी. तिनं डस्टरची धूळ माझ्या तळहातावर चोळली आणि म्हणाली, "चल साबुन, आज बिना धोए टिफिन खाकर दिखा."

आठवीत होते मी. शाळेत माझं नाव कोणी घेत नव्हतं. साबुन.

हात धुतल्याशिवाय मला जेवता यायचं नाही. एकदा धुवून भागायचं नाही. सात वेळा. मध्ये कोणी बोललं, मोजणी चुकली, की पुन्हा पहिल्यापासून. नाही धुतले तर आईला काहीतरी होईल, असं डोक्यात चालू राहायचं. ते खोटं आहे हे कळायचं मला. तरी थांबता यायचं नाही. थंडीत बोटांना चिरा पडायच्या, वहीला रक्त लागायचं. मॅडमनी एकदा माझे हात धरून वर्गाला दाखवले. "देखो बच्चो, इतनी सफ़ाई!" सगळे हसले. मॅडमही.

हिंदी मुलखातल्या त्या शहरात, घमापुरात, आमच्या दोन खोल्या. पाणी सकाळी तासभर यायचं. आई ओरडायची, "काहून इतकं पाणी सांडून राहिली?" काय सांगणार तिला? तुझ्यासाठीच धुते?

माझ्याजवळ बसेल तिलाही चिडवायचे. म्हणून कोणी बसायचं नाही.

त्या दिवशी मी हात जोडले. "प्लीज, एक बार धोने दो." त्या हलल्या नाहीत. हसत राहिल्या. सुट्टी संपल्याची घंटा व्हायची वेळ आली आणि मी रियाला ढकललं. ती ओल्या फरशीवर पडली. लागलं नाही. स्कर्ट भिजला, बस.

दुसऱ्या दिवशी बाबांना शाळेत बोलावलं. बाबा फॅक्टरीत फिटर. रियाचे वडील तिथलेच अधिकारी. बाबा ड्यूटी सोडून कामाच्या कपड्यांतच आले. प्रिन्सिपल त्यांना बसा म्हणाले नाहीत. माझ्यापुढे कागद सरकवला.

"लिखो, मैं नाटक करती हूँ, आगे से नहीं करूँगी."

बाबांनी हात जोडले. "ग़लती हो गई सर, बच्ची है." मग मला हळूच म्हणाले, "लिहून दे बेटा. तिच्या वडिलांच्या हाताखाली काम करून राहिलो मी."

पेन घेतलं. 'मैं' लिहिलं. पुढचा शब्द 'नाटक'. त्या चिरा, ती मोजणी, डबा तसाच परत नेणं, हे सगळं नाटक? हात पुढे जाईना. पेन खाली ठेवलं.

"मी नाटक करत नाही बाबा."

त्या खोलीत मराठी फक्त त्यांनाच कळत होती. मग मी प्रिन्सिपलकडे बघून म्हटलं, "धक्का दिया, उसकी माफ़ी लिखूँगी. नाटक नहीं लिखूँगी."

शाळेनं दाखला हातात दिला. बाबा दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. गोहलपुरातल्या नव्या शाळेत कोणी चिडवलं नाही. कोणी बोललंही नाही. शाळा संपेपर्यंत एक मैत्रीण झाली नाही मला.

आजाराचं नाव कळलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. ओसीडी. घरी येऊन बाबांना सांगितलं. पेपरकडे बघतच ते म्हणाले, "तेव्हा माहीत असतं तर..." वाक्य तिथंच सोडलं. मीही त्यांना त्यातून सोडवलं नाही.

गोळ्या चालू आहेत. काही दिवस बरे जातात, काही फार वाईट.

आता घरात माझ्या लग्नाचं बोलून राहिले. आई म्हणते, "मुलाकडच्यांना सांगू नको. गोळ्या कपाटात मागे ठेव."

नाही ठेवणार. पहिल्याच भेटीत सांगणार, आजाराचं नाव घेऊन. ज्याला उठून जायचं त्यानं चहा न पिता जावं. एकटं राहणं मला येतं. खोटं बोलून मी कोणाच्या घरात जाणार नाही.